तोंडावर सांगितलेलं

ह्यांचा प्रबंध मंजूर झाल्याचं पत्र आलं, तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला तो असा की, चला, आता जिनात जावं लागणार नाही. पदवीचा आनंद मागाहून झाला. पाच हंगाम मी ह्यांच्याबरोबर खामगावच्या जिनांमध्ये, म्हणजे कापसातून बी वेगळं काढायच्या कारखान्यांमध्ये, फिरले होते. सायकलच्या कॅरियरवर बसून जायचं, कापसाच्या धुरळ्यात दोन-तीन तास काढायचे, घरी येऊन केस धुवायचे आणि मग चूल पेटवायची. त्या धुरळ्याचा खोकला मला लागला तो पुढे कितीतरी वर्षं सुटला नाही.

हे खामगावच्या कॉलेजात वाणिज्य शिकवायचे. मूळचे पुण्याकडचे. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं आणि तिकडची शिकलेली माणसं नोकरीसाठी वऱ्हाडात येऊ लागली होती, त्यांतले हे एक. मी मेहकरची, मॅट्रिक झालेली. सासरी पहिल्यांदा गेले तेव्हा मी ‘मला’ऐवजी ‘मले’ म्हटलं की नणंदा तोंडाला पदर लावायच्या. म्हणून मी बोली आवरायला शिकले होते. पुढे तीच बोली ह्यांच्या कामी आली.

ह्यांच्या संशोधनाचा विषय होता धंद्यातली नीती आणि पुढारपण. सोप्या शब्दांत सांगायचं तर, माणसं कोणाच्या हाताखाली मनापासून काम करतात, कोणावर विश्वास ठेवतात आणि का ठेवतात. कॉलेजातले इतर प्राध्यापक हसायचे. एकजण तर घरी येऊन, चहा पिता पिता म्हणाले होते, “खामगावच्या बाजारात नीती शोधताय? कापसाचा भाव शोधा राव, तो तरी सापडेल.” हे हसले नाहीत. ह्यांना वाटायचं, मोठ्या शहरांतल्या कारखान्यांवर सगळे लिहितात, पण जिथे गावातला माणूस पहिल्यांदा मालकाच्या हाताखाली जातो ती जागा म्हणजे जिन, आणि तिथं जाऊन कोणी काही विचारत नाही.

पहिल्या दिवशी हे एकटेच गेले. छापलेले प्रश्न बरोबर घेतले होते. ‘आपल्या वरिष्ठांच्या आचरणातील नैतिकतेविषयी आपणांस काय वाटते?’ असा पहिला प्रश्न. जिनात ओळीनं यंत्रं असायची आणि प्रत्येक यंत्रापाशी एक बाई बसून हातानं कापूस आत सारत असायची. एका बाजूनं रुई निघायची, खाली सरकी पडायची. त्या आवाजात हे प्रत्येकीजवळ वाकून तो प्रश्न वाचत गेले. बाया पदर ओढून हसत राहिल्या. एकीनं शेजारणीला विचारलं, “हा मानूस काय म्हून राह्यला वं?”

संध्याकाळी हे कोरे कागद घेऊन परत आले. टोपी काढून खुंटीला लावली. मग म्हणाले, “अगं, तू येशील का उद्या?”

मी गेले. मुलगी लहान होती, तिला शेजारी ठेवलं. यंत्रांच्या आवाजात बोलणं शक्य नव्हतं म्हणून आम्ही दुपारच्या सुट्टीत, बाया निंबाखाली भाकरीचं फडकं सोडून बसल्या तेव्हा गेलो. ह्यांना मी लांब उभं केलं. बायांमध्ये बसले, एकीच्या पुढ्यातली मिरची उचलून खाल्ली आणि विचारलं, “काय वं, तुमचा मुकादम खोटं बोलते का?”

“बोलते ना!” तीन-चारजणी एकदम म्हणाल्या.

“कवा बोलते?”

त्यानंतर मला प्रश्न विचारावे लागले नाहीत. मी ऐकत होते आणि हे लांबून, पाठ फिरवून, कानावर येईल तेवढं लिहून घेत होते. पाचही हंगाम हे असंच चाललं. दिवाळीनंतर कापूस यायला लागला की आमचा हंगाम सुरू, आणि उन्हाळा तापला की बंद.

त्या बायांमध्ये एक मावशी होती. वयानं माझ्या आईएवढी, नांदुऱ्याच्या वाटेवरच्या एका खेड्यातून पायी यायची. फार बोलायची नाही. दुसऱ्या हंगामात एकदा मी सगळ्यांना विचारलं की, चांगला मुकादम कोणाला म्हणायचं? कोणी म्हणालं, शिव्या देत नाही तो. कोणी म्हणालं, पोर आजारी पडलं तर सुट्टी देतो तो. मावशी भाकरीचा तुकडा मोडत म्हणाली, “वरडला तं चालते बाई. पन उद्या काम नाई हे त्यानं आज तोंडावर सांगाव. सकायी अंधाऱ्यात उठा, भाकरी बांधा, दोन कोस चाला, अन् येऊन पाहा तं फाटक बंद. मंग असं वाटते का आपन मानूसच नाई.”

घरी आल्यावर ह्यांनी ते वाक्य माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतलं. तिसऱ्यांदा म्हणताना मला हसू आलं, पण ह्यांचा चेहरा पाहून मी थांबले. हे म्हणाले, “हेच. माझा प्रबंध ह्याच्यावर उभा राहील.”

आणि तसा तो राहिला. खोटं न बोलणं म्हणजेच सचोटी असं सगळे धरून चालतात. पण ज्याला दुःख होणार आहे त्याच्यापर्यंत वाईट बातमी स्वतः चालत नेणं, ती वेळेवर नेणं, ही पुढाऱ्याची खरी नीती आहे, असं ह्यांचं म्हणणं होतं. ह्यांनी ते इंग्रजीत फार छान मांडलं होतं म्हणतात. मला इंग्रजी तेवढं येत नाही.

मार्गदर्शक नागपूरला राहायचे. त्यांनी पहिला मसुदा परत पाठवला. “ह्या बायकांच्या गप्पा आहेत, ह्याला संशोधन म्हणत नाहीत. तक्ते करा,” असं लाल शाईनं लिहून. मग पुन्हा दोन हंगाम तेच प्रश्न, तीच निंबाची सावली, उत्तरं हो-नाहीमध्ये बसवायची. बायाही कंटाळल्या. “हे तं मागच्या साली इचारलं ना बाई,” म्हणायच्या. मला त्यांच्यापुढे ओशाळल्यासारखं व्हायचं. एकदा परत येताना मी कॅरियरवरून ह्यांच्या पाठीला म्हटलं, “अहो, ह्या बायांना काय मिळणार ह्यातून?”

“ज्ञान झालं की बदल होतो,” हे पायडल मारत म्हणाले.

‘कोणाला ज्ञान झालं की?’ हे मी तेव्हाच विचारायला पाहिजे होतं. मला सुचलं नाही. पाठ दुखत होती आणि घरी जाऊन पोळ्या करायच्या होत्या.

पदवी मिळाली. कॉलेजनं शाल-श्रीफळ दिलं. आठवड्याभरात एका मोठ्या जिनाचे मालक घरी आले. पांढरं धोतर, काळी टोपी, बोलणं मऊ. मी चहा घेऊन गेले तर उठून उभे राहिले. आम्ही त्यांच्याच जिनात सगळ्यांत जास्त बसलो होतो आणि त्यांनी आम्हाला कधी अडवलं नव्हतं. त्यांनी प्रबंधाची प्रत मागून नेली. त्यांचं इंग्रजी बेताचं, म्हणून वकील मित्राला बसवून पहिल्यापासून शेवटपर्यंत समजून घेतला. ह्यांचा प्रबंध पुरता वाचणारे, परीक्षक सोडले तर, ते पहिलेच.

“प्रोफेसर साहेब, आमच्या मुकादमांले हे शिकवा,” ते म्हणाले. “कागदावर ठेवून काय उपयोग?”

ह्यांना इतकं खूश मी लग्नातही पाहिलं नव्हतं. तीन रविवार जिनाच्या ऑफिसात मुकादम आणि मॅनेजर सतरंजीवर बसले आणि ह्यांनी त्यांना सांगितलं. मी मागे भिंतीशी बसायचे, कारण मुकादमांच्या शंका ह्यांना आणि ह्यांची उत्तरं मुकादमांना कोणीतरी पोचवायला हवी होती. शेवटच्या रविवारी एका मुकादमानं विचारलं, “साहेब, काम नाई असं सांगाले गेलो तं बाया अंगावर येतील ना?”

हे म्हणाले, “उभं राहून सांगू नका, शेजारी बसून सांगा. पंधरा दिवस आधी सांगा. एकेकीला नावानं हाक मारून सांगा. कारण लपवू नका. अंगावर येणार नाहीत.”

ते मी मुकादमांना वऱ्हाडीत समजावून सांगितलं. मालक एका वहीत लिहून घेत होते. त्या दिवशी येताना ह्यांनी जिलबी आणली.

पुढच्या दिवाळीनंतर माझी आई आजारी पडली म्हणून मी महिनाभर मेहकरला होते. परत आले त्याच आठवड्यात मालक पुन्हा घरी आले, पेढ्यांचा पुडा घेऊन. मला वाटलं, घरात काही मंगल झालं असेल.

“तुमच्या पुस्तकानं काम केलं प्रोफेसर साहेब,” ते बसता बसता म्हणाले. “नवी यंत्रं बसवली. कापूस आपोआप आत जाते, बाईचा हात लागत नाही. अर्ध्याहून जास्त बाया कमी कराव्या लागल्या. अशा वेळी दगड पडतात, फाटकावर गर्दी होते, पोलीस बोलवावे लागतात. आमच्याकडे एक आवाज नाही. मुकादम एकेकीपाशी बसला, तुम्ही सांगितलं तसं, पंधरा दिवस आधी. बाया रडल्या थोड्या, पाया पडल्या न् गेल्या.”

ह्यांनी हातात घेतलेला पेढा तसाच धरला होता. म्हणाले, “पण शेठजी, त्या बायांचं पुढं काय?”

“पुढं म्हणजे?”

“त्यांना दुसरं काम? काही सोय?”

मालक खरोखरच गोंधळले. “तुमच्या पुस्तकात ते नाही,” ते म्हणाले. “मी वकिलाले दोनदा विचारलं. खरं सांगा, वेळेवर सांगा, स्वतः सांगा. मी खोटं बोललो का? आडपडदा ठेवला का? तुम्ही लिहिलं त्याच्यातलं मी काय केलं नाही, तेवढं सांगा.”

ह्यांनी पेढा पुड्यात परत ठेवला. मालकांनाही वाईट वाटलं असावं, कारण जाताना दारात दोनदा म्हणाले, “काही चुकलं असंल तं सांगा हो.” मला त्या माणसाचा राग आणायचा होता, तो येईना. ते बरोबरच विचारत होते.

त्या दिवशी हे जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी कॉलेजातून लवकर आले आणि म्हणाले, “ती मावशी कुठं असेल?”

मला तिचं खेडं माहीत होतं, घर माहीत नव्हतं. पण बाजाराच्या दिवशी ती मला दिसली. फडक्यावर अंबाडीच्या भाजीच्या जुड्या मांडून बसली होती. मला पाहून हसली, बसायला पोतं सरकवलं.

“मावशी, काम गेलं म्हनते तुमचं,” मी म्हटलं.

“हाव. गेलं.” तिनं एका जुडीवर पाणी शिंपडलं. “पन मुकादम लय गोड बोलला बाई. आजवर कवा बसला नाई जवय, त्या दिशी बसला. नाव घेऊन बोलला. म्या मनात म्हनलं, हा बापा कोनाकडून शिकला? आधी फाटक बंद असतं तं चार शिव्या हासडल्या असत्या, दोन दगड मारले असते, मन तरी मोकयं झालं असतं. आता एवढं गोड सांगतल्यावर शिवी कशी द्याव? शिवी बी तोंडातच राह्यली.”

मला तिथून उठून जाता आलं असतं. पण पाच वर्षं तिच्या पुढ्यातली भाकरी मी खाल्ली होती. मी म्हटलं, “मावशी, त्याले आमच्या ह्यांनीच शिकवलं. अन् आमाले तुमीच सांगतलं होतं. निंबाखाली. तोंडावर सांगाव म्हणून.”

तिनं माझ्याकडे पाहिलं. तिला आठवत नव्हतं. मी तिचं वाक्य तिला म्हणून दाखवलं, दोन कोस, भाकरी, फाटक, सगळं. मला ते पाठच होतं. तिला हळूहळू आठवलं.

“म्हनलं असंन,” ती म्हणाली. “पन बाई, म्या उद्याच्या कामाचं म्हनलं होतं. एक दिस, दोन दिस काम नसते त्याचं. जलमभराचं बंद करा अन् मंग तोंडावर सांगा, असं म्या कुठं म्हनलं?”

तेवढ्यात गिऱ्हाईक आलं आणि ती भाव सांगू लागली. रागावली नव्हती. निघताना तिनं मला एक जुडी दिली, नको म्हटलं तरी पिशवीत कोंबली. ती मी त्या दिवशी शिजवली नाही. दुसऱ्या दिवशी शिजवली, कारण वाया घालवणंही बरं वाटेना.

घरी येऊन मी ह्यांना सगळं जसंच्या तसं सांगितलं. ऐकताना ह्यांनी सवयीनं पेन उचललं होतं, ते मध्येच खाली ठेवलं. “मी तिला पुढचा प्रश्न विचारलाच नाही,” हे म्हणाले. मी म्हटलं, “विचारत तर मी होते.” एकमेकांना धीर द्यायला बसलेली माणसं नव्हतो आम्ही. दमलेली होतो.

मग ह्यांनी विद्यापीठाला पत्र लिहिलं की, प्रबंधात एक प्रकरण जोडायचं आहे, निष्कर्ष अपुरा आहे. उत्तर आलं की मंजूर झालेल्या प्रबंधात बदल करता येत नाही. हे हसले, ते हसू मला आवडलं नाही. त्यानंतरच्या उन्हाळ्यात आणि पुढच्याही उन्हाळ्यात हे एकेका जिनाच्या मालकाकडे गेले. सांगणं एवढंच: बातमी चांगली द्या ते ठीक, पण देण्याआधी बायांना बोलवा, त्यांचं ऐका, काम कमी असेल तर पाळीपाळीनं सगळ्यांना द्या. कोणी अपमान केला नाही. सगळीकडे चहा मिळाला. “प्रोफेसर साहेब, तुमचं ते आधीचं जास्त चांगलं होतं,” असं एकजण म्हणाला.

नांदुऱ्याकडच्या एका सहकारी जिनात मात्र मॅनेजर ह्यांचा जुना विद्यार्थी निघाला. त्यानं ऐकलं. आम्ही दोघं बसनं तिथं तीन-चार वेळा गेलो. मी पुन्हा बायांमध्ये बसले, पण ह्या वेळी हेही जवळ येऊन बसले, आणि मी त्यांना लांब उभं केलं नाही. कोणाचं घर त्या मजुरीवरच चालतं, कोणाला शेतात काम मिळतं, हे बायांनीच आपसात भांडून, समजावून ठरवलं. पाळ्या लागल्या. कोणाला पूर्ण हंगाम मिळाला नाही, पण कोणी घरीही बसली नाही. हे त्याबद्दल कुठं लिहा म्हटलं तरी लिहीनात. “आधी टिकू दे,” म्हणायचे.

दोन हंगाम टिकलं. मग मॅनेजरची बदली झाली आणि तिथंही नवी यंत्रं आली. बायांना पंधरा दिवस आधी, बसून, नीट सांगण्यात आलं असं आमच्या कानावर आलं.

त्यानंतर ह्यांनी संशोधनाचं नाव काढलं नाही. वाणिज्याच्या वर्गांना शिकवायचे, पेपर तपासायचे, संध्याकाळी फिरून यायचे. वर्गात मात्र एक सवय लागली होती. एखादा मुलगा पुस्तकातलं उत्तर धडाधड म्हणू लागला की हे विचारायचे, “बरं, मग पुढं काय?” मुलं ह्यांची त्यावरून नक्कल करायची. मला एका मुलाच्या आईनं ते हसत सांगितलं होतं.

बऱ्याच वर्षांनी मुंबईहून एक तरुण प्राध्यापक आले. ह्यांचा प्रबंध त्यांना कुठल्याशा ग्रंथालयात सापडला होता. कारखान्यांच्या व्यवस्थापकांसाठी त्यांनी एक पुस्तक लिहिलं होतं, त्यात ह्यांच्यावर चार पानं होती. अशा विषयावर आपल्याकडे इतक्या आधी कोणी काम केलं होतं ह्याचं त्यांना फार कौतुक. “सर, तुमचा प्रभाव मोठा आहे,” ते म्हणाले. “कामावरून कमी करताना माणसाचा सन्मान कसा राखावा, हे तुमच्यामुळे आम्ही आता शिकवतो.”

हे म्हणाले, “त्यात एक प्रकरण राहिलंय.”

“कोणतं सर?”

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. “तू सांग. तुझ्यासारखं मला साधत नाही.”

मी पोहे बाजूला ठेवले आणि सांगितलं. मावशीचं बोलणं तिच्याच बोलीत सांगितलं. ते पाहुणे नीट ऐकत होते. शेवटी त्यांनी चष्मा पुसला, वही मिटली आणि परतीची बस किती वाजता आहे ते विचारलं. मी त्यांना दोष देत नाही. अशी गोष्ट ऐकल्यावर माणसानं काय विचारावं, ते मलाही माहीत नाही.

हे त्यांना स्टँडवर सोडायला गेले. यायला बराच उशीर झाला. आले तेव्हा ऊन उतरलं होतं. ओट्यावर बसून चपला काढत म्हणाले, “मी त्यांना म्हटलं, माझी चार पानं काढून टाका. ते म्हणाले, सर, पुस्तक छापून झालंय.”

“मग?” मी विचारलं.

“मग काही नाही. बस आली.”

मी म्हटलं, “हातपाय धुवा. वरण निवतंय.”